सायटोकाईन पेशीत शिरत नाही, मग निरोप पोचतो कसा?

विचारणारा खानापूर तालुक्यातला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकला, आता बेळगावात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याच्या आत्यांना बरीच वर्षं आमवात आहे, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. आठवड्यातून एकदा घ्यायच्या मेथोट्रेक्सेटने भागेना म्हणून टोसिलिझुमॅब सुरू झालं आणि सीआरपी, म्हणजे सूज असली की रक्तात वाढणारं प्रथिन, झपकन खाली आला. आता दर महिन्याला बेळगावला येऊन सलाईनमधून इंजेक्शन घेणं जमत नाही, म्हणून टोफासिटिनिबच्या गोळ्यांवर आणायचं चाललंय. त्याचे प्रश्न असे: सायटोकाईन, म्हणजे पेशी एकमेकींना निरोप द्यायला सोडतात ते प्रथिन, पेशीच्या आत जातच नाही, तर त्याचा निरोप जनुकापर्यंत जातो कसा? सायटोकाईन ढीगभर आणि आतली यंत्रणा मोजकी, मग पेशीचा गोंधळ का उडत नाही? आणि इंजेक्शन पेशीच्या बाहेर, गोळी आत, तरी दोन्हींचं काम एकच कसं? जाता जाता आणखी एक: सीआरपी शून्याजवळ आला म्हणजे आजार गेला का?

पहिले दोन प्रश्न नेमके आहेत. तिसऱ्यात जे गृहीत धरलंय ते मला मान्य नाही, त्याकडे येतोच. मी सांध्यांचे आजार बघतो, त्याआधी काही वर्षं प्रयोगशाळेत सायटोकाईनच्या रिसेप्टरांवर, म्हणजे त्यांचा निरोप घेणाऱ्या पेशीवरच्या प्रथिनांवर, काम केलंय, म्हणून उत्तर जरा लांबेल. पण माझं म्हणणं एवढंच आहे: निरोप वाटेत नेमका कुठे अडवलाय हे ज्याला कळलं, त्याला औषधाचे फायदे, धोके आणि रिपोर्टाचा अर्थ वेगवेगळे पाठ करावे लागत नाहीत.

पेशीचं पटल स्निग्ध असतं. सायटोकाईन म्हणजे पाण्यात विरघळणारं प्रथिन, बहुतेकांचं वजन १५ ते २५ किलोडाल्टनच्या आसपास. ते पटल ओलांडून आत जाणं शक्य नाही. आत्यांना सुरुवातीला प्रेडनिसोलोन दिलं असेल, त्याची गोष्ट वेगळी. तो रेणू लहान, चरबीत विरघळणारा. तो थेट आत जातो, त्याचा रिसेप्टरही आतच असतो आणि दोघं मिळून केंद्रकात जातात. सायटोकाईनला मात्र बाहेर राहूनच आतला कारभार हलवावा लागतो.

पुस्तकांत इथे कुलूप-किल्लीचं चित्र काढतात. मला ते अपुरं वाटतं, कारण एक कुलूप, एक किल्ली, काम झालं, असा समज होतो. त्यापेक्षा बँकेचा लॉकर घे. त्याला दोन किल्ल्या लागतात: एक तुझी, जी फक्त तुझ्याच लॉकरला चालते, आणि एक बँकेची, जी सगळ्या लॉकरांना चालते. नुसती तुझी फिरवून काही होत नाही, नुसती बँकेचीही नाही. आयएल-६ (इंटरल्युकिन-६) या सायटोकाईनचं अगदी तसंच आहे. त्याचा खास असा एक रिसेप्टर आहे. तो आयएल-६ ला धरतो, पण स्वतः आत काहीच कळवू शकत नाही, त्याची आतली शेपटी अगदी आखूड. निरोप आत नेणारी साखळी दुसरीच, तिचं नाव जीपी-१३०. ती आयएल-११, ऑन्कोस्टॅटिन-एम, लिफ अशा इतरांनाही सामाईक आहे. आयएल-६, त्याचा खास रिसेप्टर आणि जीपी-१३० अशा तिघांच्या दोन-दोन प्रती, एकूण सहा जण, एकत्र आले की मगच आत हालचाल होते.

आता आत बघ. या घराण्यातल्या रिसेप्टरांच्या शेपटीत स्वतःचं एन्झाइम नसतं. ते उसनं घेतलेलं असतं. पटलाला लागून असलेल्या भागात जॅक नावाचं एन्झाइम आधीपासूनच चिकटून असतं, निरोप येवो न येवो. बाहेर सायटोकाईनने दोन साखळ्या एकत्र धरल्या की आतल्या शेपट्या जवळ येतात, योग्य कोनात येतात आणि एका साखळीवरचा जॅक दुसरीवरच्या जॅकला फॉस्फेट चढवतो. इथे निरोपाचं रूप पालटतं. बाहेर तो एक प्रथिन होता, आत तो दोन गोष्टींमधलं अंतर आणि कोन झाला, आणि तिथून पुढे फॉस्फेट.

जॅकची रचना बघण्यासारखी आहे. त्याचा एक भाग खरं काम करतो. शेजारचा भाग दिसायला तस्साच, पण त्याचं मुख्य काम पहिल्याला दाबून धरायचं. हे दाबून धरणं किती महत्त्वाचं आहे ते २००५ साली कळलं. जॅक-२ च्या याच भागात ६१७ व्या जागी व्हॅलिनऐवजी फेनिलअ‍ॅलनिन आलं की निरोप नसतानाही जॅक-२ चालूच राहतो आणि लाल पेशी भरमसाट बनतात. पॉलिसायथेमिया व्हेराच्या जवळजवळ सगळ्या रुग्णांत हाच बदल सापडतो. एका अमिनो आम्लाचा फरक, आणि माणसाचं हिमोग्लोबिन १८-२० वर जातं.

पुढचा टप्पा सोपा आहे, आणि मला विचारशील तर या विषयातला सगळ्यात देखणा. जागे झालेले जॅक रिसेप्टरच्या शेपटीवरच्या टायरोसिन या अमिनो आम्लांना फॉस्फेट लावतात. त्या जागा ओळखून स्टॅट नावाची प्रथिनं तिथे येऊन बसतात. जॅक त्यांनाही फॉस्फेट लावतो. स्टॅट-३ असेल तर ७०५ व्या टायरोसिनवर. मग दोन स्टॅट एकमेकांच्या फॉस्फेटला धरून जोडी करतात, रिसेप्टर सोडतात, केंद्रकात जातात आणि डीएनएवर आपापल्या जागी बसतात. मधे निरोप्यांची रांग नाही. जे प्रथिन आत्ता पटलाशी होतं तेच थोड्या वेळाने जनुकावर असतं. जॅक चार आहेत: जॅक-१, जॅक-२, जॅक-३ आणि टिक-२. स्टॅट सात: १, २, ३, ४, ५-ए, ५-बी आणि ६. ही साखळी उलगडली ती इंटरफेरॉन या विषाणूंविरुद्धच्या सायटोकाईनवर काम करताना. इंटरफेरॉन १९५७ साली सापडलं, पण ते आत काय करतं हे कळायला १९९० चं दशक उजाडलं. न्यूयॉर्कात जेम्स डार्नेल जनुकावर बसणारी प्रथिनं शोधत होते, तर लंडनमध्ये जॉर्ज स्टार्क आणि इयन कर यांनी इंटरफेरॉनला दादच न देणाऱ्या पेशी तयार करून त्यांच्यात काय कमी आहे ते हुडकलं. एक जण जनुकाकडून मागे आला, दुसरे बिघडलेल्या पेशीकडून पुढे गेले, आणि मधे गाठ पडली.

गोंधळ का उडत नाही, हा तुझा दुसरा प्रश्न. याचं उत्तर एका ओळीत मिळत नाही.

पहिली गोष्ट, बँकेची किल्ली सामाईक असली तरी तुझी किल्ली कुणाच्या खिशात आहे ते ठरलेलं असतं. जीपी-१३० शरीरातल्या जवळपास सगळ्या पेशींवर असतं. आयएल-६ चा खास रिसेप्टर मात्र यकृताच्या पेशी आणि काही पांढऱ्या पेशी, एवढ्यांवरच. म्हणजे निरोप रक्तात सगळीकडे फिरला तरी ऐकणारे मोजकेच. यात एक मेख आहे, आणि आमवातात नेमकी तीच नडते. सूज असली की पांढऱ्या पेशींवरचा हा रिसेप्टर छाटला जातो आणि सुटा होऊन फिरतो. तो आयएल-६ ला धरतो आणि ही जोडी कुठल्याही जीपी-१३० वाल्या पेशीवर जाऊन बसू शकते. सांध्याच्या अस्तरातल्या ज्या पेशींना एरवी आयएल-६ ऐकूच येत नाही, त्यांनाही मग तो ऐकू येतो. बाहेरून कुणीतरी किल्ली आणून दिली असं समज.

दुसरी गोष्ट, किती साखळ्या आणि कुठल्या. आयएल-२ चं उदाहरण घे. त्याला बीटा आणि गॅमा या दोन साखळ्या पुरतात, पण पकड मध्यम असते. त्यात अल्फा ही तिसरी साखळी मिळाली की पकड सुमारे शंभर पटीने वाढते. नियामक टी पेशींवर, म्हणजे प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या पांढऱ्या पेशींवर, ही अल्फा साखळी कायम भरपूर असते. म्हणून आयएल-२ अगदी कमी असेल तेव्हा तो याच पेशींना मिळतो आणि त्या बाकीच्यांना शांत ठेवतात. तोच आयएल-२ भरपूर असला की लढणाऱ्या पेशीही जाग्या होतात. रेणू तोच, मात्रा बदलली की परिणाम उलटा.

या गॅमा साखळीबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण आत्यांच्या गोळीचं मूळ तिथे आहे. ती आयएल-२, ४, ७, ९, १५ आणि २१ या सहांना सामाईक आहे. तिचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. ते बिघडलेलं मूल जवळपास टी पेशींशिवाय जन्माला येतं. अमेरिकेतला डेव्हिड व्हेटर हा मुलगा जंतूविरहित प्लास्टिकच्या खोलीत बारा वर्षं वाढला आणि १९८४ साली वारला, त्याला हाच आजार होता. दोष या साखळीत आहे हे १९९३ साली कळलं. मग काही मुलं अशी सापडली की आजार हुबेहूब तोच, पण साखळी धडधाकट. त्यांच्यात जॅक-३ नव्हता. गॅमा साखळीला जॅक-३ च चिकटतो. साखळी नसली काय आणि तिच्यावरचा जॅक नसला काय, फळ एकच. तेव्हा कुणाच्या तरी डोक्यात आलं की जॅक-३ पूर्ण गेला तर प्रतिकारशक्ती संपते, मग तो थोडा दाबला तर अतिरेकी प्रतिकारशक्ती आवरेल. टोफासिटिनिब त्या विचारातून आलं. पुढे दिसलं की ते जॅक-१ ला सुद्धा जवळपास तितकंच दाबतं, आणि आमवातात त्याचाच उपयोग जास्त होत असावा. अमेरिकेत त्याला नोव्हेंबर २०१२ मध्ये मंजुरी मिळाली.

तिसरी गोष्ट विद्यार्थ्यांना सगळ्यात जास्त बुचकळ्यात टाकते. आयएल-६ सूज वाढवतो. आयएल-१० सूज उतरवतो. दोघंही स्टॅट-३ लाच जागं करतात! तेच स्टॅट, तोच ७०५ वा टायरोसिन, तोच फॉस्फेट. मग फरक कुठे? वेळात. स्टॅट-३ केंद्रकात गेला की तो सॉक्स-३ नावाचा ब्रेकही बनवून घेतो. सॉक्स-३ परत येऊन जीपी-१३० च्या शेपटीवर बसतो आणि आयएल-६ चा निरोप बंद पाडतो. आयएल-१० च्या रिसेप्टरवर मात्र सॉक्स-३ ला बसायला जागाच नाही. त्यामुळे आयएल-६ चा निरोप येतो, चमकतो आणि विझतो. आयएल-१० चा चालू राहतो. हे नुसतं अनुमान नाही. २००३ साली उंदरांच्या मॅक्रोफेजमधून, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशींमधून, सॉक्स-३ काढून टाकला तेव्हा आयएल-६ तिथे आयएल-१० सारखाच वागू लागला. म्हणून मुलांना मी सांगतो, कुठला सायटोकाईन कुठला स्टॅट याचा तक्ता परीक्षेपुरता पाठ करा, पण अर्थ तक्त्यात शोधू नका.

शिवाय पेशीगणिक डीएनएचा वेगवेगळा भाग मोकळा असतो. स्टॅट-३ यकृताच्या पेशीत गेला तर त्याला सीआरपीचं जनुक उघडं सापडतं. टी पेशीत गेला तर आयएल-१७ चं. तो बसणार कुठे हे पेशीने आधीच ठरवलेलं असतं.

ब्रेक आणखीही आहेत. फॉस्फेट उतरवणारी एन्झाइम सतत काम करतात, रिसेप्टर आत ओढून घेऊन मोडले जातात, काही रिसेप्टर तर नुसते फसवे असतात: आयएल-१ चा दुसऱ्या क्रमांकाचा रिसेप्टर त्याला धरतो आणि आत काहीच कळवत नाही.

इथवर जे सांगितलं ते सगळ्या सायटोकाईनांना लागू नाही, हे नीट लक्षात ठेव. आमवातातला दुसरा मोठा खेळाडू टीएनएफ, त्याचा जॅकशी संबंध नाही. तो तीन प्रतींच्या जुडग्याने येतो आणि तीन रिसेप्टर एकत्र धरतो. आत ट्रॅड, ट्रॅफ-२, रिप-१ अशी प्रथिनं गोळा होतात, त्यांच्यावर युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाच्या माळा चढतात, त्या माळांवर आयकेके नावाचं एन्झाइम जागं होतं. एनएफ-कॅपा-बी हे प्रथिन पेशीद्रवात बांधून ठेवलेलं असतं. आयकेके त्या बंधनाला मोडीत काढायची खूण करतं, ते मोडलं की एनएफ-कॅपा-बी केंद्रकात. हे प्रथिन १९८६ साली डेव्हिड बाल्टिमोर यांच्या प्रयोगशाळेत रंजन सेन यांनी शोधलं. आयएल-१ वेगळ्या दाराने, मायडी-८८ आणि आयरॅकमार्गे, शेवटी तिथेच पोचतो. टीजीएफ-बीटाच्या रिसेप्टरचं एन्झाइम स्वतःचंच असतं आणि केमोकाईनांचे रिसेप्टर तर पटलातून सात वेळा आतबाहेर करणारे, वेगळ्याच घराण्यातले. ते आत्ता सोडून देऊ.

आता इथे एक प्रश्न उभा राहतो: टीएनएफ जॅक वापरत नाही, तरी जॅक अडवणारी गोळी आमवातात लागू कशी पडते? कारण टीएनएफ सांध्यातल्या पेशींना जे करायला लावतो त्यात आयएल-६ बनवणं हे मोठं काम आहे. इंटरफेरॉनही त्यात येतात. पहिला निरोप अडत नाही, पण त्याच्या पोटी जन्मलेले पुढचे निरोप अडतात.

इंजेक्शन आणि गोळी यांचं काम एकच नाही, ते असं. टोसिलिझुमॅब म्हणजे अँटीबॉडी, वजन दीड लाख डाल्टनच्या आसपास. पोटात गेली तर पचून जाईल, म्हणून सुईनेच द्यावी लागते. आणि पटल ओलांडू शकत नाही, म्हणून बाहेरच काम करते. ती आयएल-६ च्या खास रिसेप्टरवर, पेशीवरच्या आणि सुट्या अशा दोन्हींवर, जाऊन बसते. लॉकरच्या भाषेत, तुझी किल्ली तेवढी काढून घेतली. जीपी-१३० वापरणारे बाकीचे चालूच. टोफासिटिनिबचा रेणू सुमारे ३१२ डाल्टनचा. पचत नाही, आत शिरतो, आणि जॅकमध्ये फॉस्फेट पुरवणारा एटीपी जिथे बसतो तिथे स्वतः बसतो. एटीपी नाही म्हणजे फॉस्फेट नाही. पण जॅक काही एकट्या आयएल-६ चा नाही. इंटरफेरॉन, आयएल-२, ४, ७, १५, २१, सगळ्यांचेच निरोप थोडे थोडे अडतात. इंजेक्शन एका सायटोकाईनला पूर्ण बंद करतं. गोळी पुष्कळांना अर्धवट. त्यातही गोळीचं रक्तातलं अर्धं आयुष्य तीन तासांचं, म्हणून बहुधा दिवसातून दोनदा द्यावी लागते आणि दोन गोळ्यांच्या मधे निरोपाला थोडी फट मिळते.

हे मी प्रयोगशाळेत मुलांना दाखवत असे. निरोगी माणसाचं हेपरिन घातलेलं रक्त सहा नळ्यांत घ्यायचं. दोन नळ्यांत टोसिलिझुमॅब, दोनमध्ये टोफासिटिनिब, दोन औषधाविना, अर्धा तास ठेवायचं. मग प्रत्येक जोडीतल्या एका नळीत आयएल-६, दुसरीत इंटरफेरॉन-गॅमा. ३७ अंशांच्या पाण्यात पंधरा मिनिटं. जास्त ठेवलं तर खूण विझायला लागते. लगेच फॉर्मल्डिहाइड, म्हणजे फॉस्फेट आहे तिथेच थिजतात. लाल पेशी फोडायच्या, बर्फगार मेथेनॉलने पेशींना भोकं पाडायची आणि फॉस्फेट लागलेल्या स्टॅटलाच ओळखणारी, रंग जोडलेली अँटीबॉडी घालायची. एकेका पेशीचा रंग मोजणाऱ्या फ्लो सायटोमीटरच्या पडद्यावर मोनोसाइट या पांढऱ्या पेशींचा उंचवटा दिसतो. निरोप पोचला असेल तर तो उजवीकडे सरकतो. औषधाविना आयएल-६ दिला तर स्टॅट-३ चा उंचवटा स्वच्छ सरकतो. टोसिलिझुमॅबच्या नळीत हलत नाही. टोफासिटिनिबच्या नळीतही नाही. इथवर तुझं ‘काम एकच’ खरं. मग इंटरफेरॉन-गॅमाच्या नळ्या लावायच्या, स्टॅट-१ बघायचा. टोसिलिझुमॅबच्या नळीत उंचवटा जणू औषध नसल्यासारखा सरकतो. टोफासिटिनिबच्या नळीत बराचसा जागीच बसून राहतो.

हे पाहिलेल्याला नागीण का होते ते सांगावं लागत नाही. कांजिण्यांचा विषाणू लहानपणापासून मज्जातंतूंच्या गाठींत दबून असतो, आणि त्याला दबवून ठेवण्यात इंटरफेरॉनांचा हात असतो. इंटरफेरॉनचा निरोप जॅकमधूनच जातो. जॅकच्या गोळ्या घेणाऱ्यांत नागीण जास्त दिसते, इंजेक्शनवाल्यांत तितकी नाही. गोळी सुरू करण्याआधी नागिणीच्या लसीबद्दल विचारून घ्या. जिवंत विषाणू नसलेली लस आता भारतातही मिळते.

क्षयाचंही तसंच. क्षयाच्या जंतूला मॅक्रोफेज आत कोंडून ठेवतो, आणि त्यासाठी त्याला इंटरफेरॉन-गॅमा आणि टीएनएफ दोन्हींची गरज असते. टीएनएफ अडवणाऱ्या इन्फ्लिक्सिमॅबनंतर दबलेला क्षय उसळल्याचं २००१ साली लक्षात आलं. जॅकची गोळी दुसऱ्या बाजूने, इंटरफेरॉन-गॅमाचा निरोप अडवून, तोच कोंडवाडा सैल करते. आपल्याकडे सुप्त क्षय इतका आहे की ‘घरात कुणाला नाही’ या उत्तरावर मी थांबत नाही. छातीचा एक्स-रे आणि इग्रा दोन्ही हवेत. इग्रा म्हणजे रक्तातल्या टी पेशींना क्षयाच्या जंतूचे तुकडे दाखवून त्या इंटरफेरॉन-गॅमा सोडतात का ते मोजणं. लहानपणी टोचलेल्या बीसीजीने त्यात घोळ होत नाही. तपासणी गोळी सुरू होण्याआधीच करावी.

सीआरपीबद्दल आता तुझं तूच सांगू शकशील. सीआरपी बनतो यकृतात, आणि मुख्यतः आयएल-६ च्या सांगण्यावरून, स्टॅट-३ मार्गे. टोसिलिझुमॅबने तो निरोपच कापला. म्हणजे सीआरपी खाली आला यातून इंजेक्शन पोचलं एवढं नक्की कळतं. सांधा बरा झाला का हे सांध्याकडे बघूनच ठरवायचं. आत्यांना सकाळी भाकरी थापता येते का, ओलं लुगडं पिळता येतं का, बोटांचे सांधे दाबल्यावर दुखतात का, हे सीआरपीपेक्षा जास्त सांगतं. आणि याची दुसरी बाजू धोक्याची आहे. या इंजेक्शनवर असताना न्यूमोनिया झाला तरी सीआरपी चढेलच असं नाही, ताप येईलच असं नाही. वडगावच्या एक विणकर बाई नुसता खोकला आणि गळाठा म्हणून आल्या होत्या. अंग थंड, सीआरपी नॉर्मल, एक्स-रेमध्ये उजवी बाजू पांढरी. टीएनएफ अडवणाऱ्या औषधावर असत्या तर आयएल-६ चा रस्ता मोकळा राहिला असता आणि सीआरपीने खूण दिली असती. जॅकच्या गोळीवर तो मधेच कुठेतरी असतो. दबतो, पण इतका साफ नाही.

एक गंमत आणखी. टोसिलिझुमॅब दिल्यावर रक्तातला आयएल-६ मोजला तर तो वाढलेला दिसतो. रिसेप्टर त्याला धरून संपवत होता, ते बंद झालं, म्हणून तो साचतो. कोविडच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ साली, असे रिपोर्ट हातात घेऊन घाबरलेले नातेवाईक पुष्कळ भेटले. औषध लागू पडलेलं असतानाही आकडा चढतो.

आणि आपल्या सीमाभागातला खास घोळ: एकाच फाइलीत कोल्हापूर, बेळगाव आणि गोव्याचे रिपोर्ट असतात. काही लॅब सीआरपी मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये देतात, काही प्रति डेसिलिटरमध्ये. ६ आणि ०.६ हा एकच आकडा असू शकतो. कागदावर ते छापलेलं असतं, पण बारीक अक्षरात. तू घरातला शिकलेला, तेवढं बघून एका वहीत एकाच मापात लिहून ठेव.

गोळीचे बाकीचे धोकेही त्याच नकाशावर सापडतात. जॅक-२ वर लाल पेशी बनवायला सांगणाऱ्या एरिथ्रोपोएटिनचा निरोप चालतो, आणि टोफासिटिनिब जॅक-२ ला कमी दाबत असलं तरी अजिबात सोडत नाही. म्हणून हिमोग्लोबिन तपासत राहायचं. आयएल-६ दबल्यावर कोलेस्टेरॉल चढतं, ते दोन्ही औषधांत. हृदयविकार आणि कर्करोगाचा धोका मात्र नकाशावरून आधी दिसला नव्हता, तो मोठ्या अभ्यासातून कळला: पन्नाशी ओलांडलेल्या आणि हृदयविकाराचा धोका वाढवणारी किमान एक तरी गोष्ट असलेल्या आमवाताच्या रुग्णांत टोफासिटिनिबवर हे दोन्ही टीएनएफविरोधी औषधांपेक्षा जास्त आढळले. तो अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. विडी-सिगारेट ओढलेल्यांत धोका आणखी जास्त होता. आपल्या भागातल्या बायका विडी ओढत नसल्या तरी मिश्री लावतात आणि आपणहून सांगत नाहीत. तंबाखू ती तंबाखूच, म्हणून मी ते विचारतोच. आत्यांचं वय, बीपी, साखर, पायात पूर्वी गुठळी झाली होती का, हे त्यांच्या डॉक्टरांना माहीत आहे ना ते बघ.

बदल करताना दोन्ही औषधं एकत्र देत नाहीत. साधारणपणे पुढच्या इंजेक्शनची वेळ आली की त्याऐवजी गोळी सुरू होते. अँटीबॉडी रक्तात काही आठवडे रेंगाळते, त्यामुळे गोळी सुरू झाल्यावरही पहिला महिनाभर सीआरपी आधीच्या इंजेक्शनमुळेच खाली असू शकतो. तेव्हा गोळी लागू पडली का याचा निकाल पहिल्या रिपोर्टावर लावू नका. दोन-तीन महिने सांध्यांकडे बघा. ताप, धाप, खूप दिवसांचा खोकला किंवा अंगावर एका बाजूला पट्ट्यासारखे फोड आले तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. अर्धं आयुष्य तीन तासांचं असल्याने ती लवकर उतरते, आणि आजारपणात ही तिची सोयच आहे. मेथोट्रेक्सेट चालू ठेवायचं की नाही ते डॉक्टर ठरवतील. ठेवायचं झालं तर ते आठवड्यातून एकदाच असतं आणि ही गोळी रोजची. दोन्हींचे डबे वेगळे ठेव आणि मेथोट्रेक्सेटच्या डब्यावर वाराचं नाव मराठीत मोठ्या अक्षरात लिही.